खेळातले मरण आणि खेळाबाहेरचे मरण

संगणकीय खेळांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्याचे सामान्यपणे दोन प्रकार दिसतात. एकात मुलांना लागलेल्या व्यसनाची चिंता असते, तर दुसऱ्यात नव्या खेळातील चित्रांची आणि वेगाची वाखाणणी. खेळणारा माणूस त्या खेळात नेमके काय घडवतो, आणि जे घडवले ते राहते कुठे, हा प्रश्न दोन्हीकडे सुटून जातो. उत्तर तसे साधे आहे. ते एका फाइलमध्ये राहते. खेळ थांबवताना ही सेव्ह फाइल लिहिली जाते, पुन्हा सुरू करताना वाचली जाते, आणि मधल्या काळात तिची आठवणही कोणाला होत नाही. आठवण होते ती ती उघडेनाशी झाली म्हणजे.

या फाइलची प्रत काढून ठेवणे म्हणजे फसवणूक, निदान कमकुवतपणा, असे मानणारे बरेच आहेत. दुसऱ्या बाजूला, फाइल गेली तर गेली, शेवटी खेळच तो, असे म्हणणारेही आहेत. माझ्या मते दोन्ही भूमिका एकाच गैरसमजातून आलेल्या आहेत. खेळाच्या आत येणारे मरण आणि खेळाच्या बाहेरून येणारे मरण यांतला भेद त्यांना दिसत नाही. तो दिसला, की प्रत का ठेवावी, कशी ठेवावी आणि फाइल बिघडल्यावर काय करावे, या तिन्ही गोष्टी आपोआप स्पष्ट होतात.

प्रथम ही फाइल म्हणजे काय ते पाहू. तिची तुलना पुस्तकातल्या वाचनखुणेशी केली जाते, पण ती तुलना फसवी आहे. वाचनखूण हरवली तर पान शोधता येते. पुस्तक जसेच्या तसे असते. 'स्कायरिम' (२०११) या खेळाची सेव्ह फाइल हरवली, तर शोधायला काही उरतच नाही. कोणत्या गावात कोणाला मदत केली, कोणाला मारले, कोणते दार उघडले, कोणत्या घरात कोणत्या फळीवर कोणती वस्तू ठेवली, हे सारे त्या फाइलमध्ये असते आणि अन्यत्र कुठेही नसते. 'माइनक्राफ्ट'मध्ये तर गोष्ट आणखी पुढे जाते. तिथे डोंगर-नद्या एका बीजसंख्येपासून पुन्हा जशाच्या तशा उगवून येतात. त्यांवर खेळणाऱ्याने बांधलेले घर मात्र कोणत्याही बीजातून उगवत नाही. खेळ लाखो प्रतींमध्ये विकला जातो, हरवला तर पुन्हा विकत मिळतो. ही फाइल जगात एकच असते. म्हणून तिला वाचनखुणेपेक्षा हस्तलिखित म्हणणे अधिक योग्य. निर्मात्याने भाषा दिली, व्याकरण दिले; मजकूर खेळणाऱ्याचा.

हे हस्तलिखित किती नाजूक आहे याचा इतिहास रंजक आहे. जपानमध्ये १९८६ साली आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये जतन करण्याची सोयच नव्हती. खेळ थांबवताना पडद्यावर वीस अक्षरांचा एक मंत्र दिसे, तो वहीत उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. दुसऱ्या भागात (१९८७) या मंत्राची लांबी बावन्न अक्षरांपर्यंत गेली. एक अक्षर चुकीचे उतरवले की मंत्र निष्फळ! तिसऱ्या भागात (१९८८) काडतुसातच छोटा सेल बसवून त्याच्या आधारे नोंद टिकवली गेली. वहीचा त्रास संपला, पण नवे भय आले. नोंद बिघडली असेल तर खेळ सुरू होताच एक अभद्र धून वाजे आणि साहसाची वही नाहीशी झाल्याचा निरोप पडद्यावर येई. ती धून जपानमधल्या एका पिढीला आजही ठाऊक आहे.

अमेरिकेत १९८७ मध्ये आलेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'च्या काडतुसातही असाच सेल होता. तो खेळ बंद करताना सूचना असे, की रीसेटचे बटण दाबून धरा आणि मगच वीज बंद करा. कारण वीज उतरत असतानाच्या क्षणात गोंधळलेला प्रोसेसर स्मृतीत भलतेच काही लिहून जाऊ शकतो. रीसेट दाबून धरल्यास त्याचा हात बांधलेला राहतो. सेल संपला की नोंदही संपते. 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर' (१९९९) या खेळांत तोच सेल घड्याळही चालवत असल्याने लवकर संपतो. त्या काडतुसांतील कित्येक मुलांचे बालपण असे निमूटपणे पुसले गेले आहे. यांत कुठेही राक्षसाने मारलेले नाही. एक सेल संपला, इतकेच.

आपल्याकडे काडतुसांपेक्षा संगणक अधिक परिचयाचा. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' (१९८९) या खेळात राजकन्येला सोडवायला साठ मिनिटे मिळत, आणि जतन करताना उरलेला वेळही जतन होई. म्हणजे वाया घालवलेली मिनिटे परत मिळत नसत. नंतर 'व्हाइस सिटी' आला (संगणकावर २००३). त्यात सुरक्षित घरी जाऊन कॅसेटच्या चिन्हावर उभे राहिल्याखेरीज जतन करता येत नसे, आणि जतन करायला जागा होत्या फक्त आठ. घरातल्या एकट्या मुलाला आठ जागा पुष्कळ झाल्या. सायबर कॅफेतल्या एका संगणकावर दिवसभरात बसून जाणाऱ्यांना त्या पुरणे शक्यच नव्हते. नवा येणारा कोणाची तरी जागा पुसूनच आपली नोंद करी. त्याच दशकात महाराष्ट्रात भारनियमन जोरात होते आणि घरोघरी यूपीएस नव्हते. फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली तर काय होते, हे आपल्याकडच्या पुष्कळ खेळाडूंना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

नेमके होते तरी काय? साधा मार्ग असा, की खेळ जुन्या फाइलवरच नवी माहिती लिहू लागतो. अर्ध्यावर वीज गेली किंवा खेळ कोसळला, तर जुने पुसलेले असते आणि नवे पूर्ण झालेले नसते. कधी फाइलची लांबी शून्य दिसते. कधी लांबी बरोबर असते, पण आत केवळ शून्ये भरलेली असतात. कारण फाइल किती मोठी आहे याची नोंद डिस्कवर झाली आणि खरा मजकूर स्मृतीतून डिस्कपर्यंत पोचलाच नाही. विचारी निर्माता असे करत नाही. तो नवी माहिती वेगळ्या फाइलमध्ये लिहितो, ती पूर्ण झाल्यावर जुनीचे नाव बदलतो आणि मग नवीला तिच्या जागी बसवतो. 'माइनक्राफ्ट'च्या जावा आवृत्तीत 'लेव्हल डॉट डॅट'शेजारी 'लेव्हल डॉट डॅट ओल्ड' असते ती याचसाठी. 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) आदल्या रात्रीची फाइल 'ओल्ड' असे शेपूट लावून ठेवते. 'पोकेमॉन रूबी' आणि 'सफायर' (२००२) या खेळांत तर नोंदीसाठी दोन जागा राखलेल्या असून त्यांवर आळीपाळीने लिहिले जाते. ताजी नोंद तपासणीत खोटी ठरली, तर खेळ आदली उघडतो. एवढ्या छोट्या काडतुसात जे २००२ साली जमले, ते आज ज्या खेळात नसेल तिथे ती अडचण नसून हयगय आहे असेच म्हटले पाहिजे.

आता फसवणुकीच्या आक्षेपाकडे वळू. तो पोकळ नाही. 'रोग' (१९८०) या खेळात जतन केलेली फाइल उघडताक्षणी पुसली जाते. 'नेटहॅक' (१९८७) हीच परंपरा चालवतो. जतन करणे म्हणजे खेळ थांबवणे. मागे जाणे नव्हे. पात्र मेले की मेले. या खेळांचा सारा रस त्या अटळतेत आहे. आंधारातल्या खोलीचे दार उघडताना छाती धडधडते, कारण चूक परत घेता येणार नाही. अशा खेळात गुपचूप फाइलची प्रत काढून मेल्यावर ती पुन्हा आणणे याला खेळाडूंच्या बोलीत तुच्छतादर्शक नावही आहे, आणि ती तुच्छता समजण्यासारखी आहे. बुद्धिबळात वजीर गेल्यावर चाल परत घेणाऱ्याला आपणही फारसा मान देत नाही.

पण बुद्धिबळाचा पट मांजराने उधळला तर? मोहरी मूळ घरांवर मांडून डाव पुढे चालवण्याला कोणी रडीचा डाव म्हणत नाही. कोणते मोहरे कुठे होते हे लिहून ठेवणाऱ्याला तर आपण दूरदृष्टीचा म्हणतो. सेव्ह फाइलच्या बाबतीत हाच विवेक हवा. राक्षसाने मारले, तर ते मरण कृतीच्या आतले आहे. निर्मात्याने ते योजले आहे, खेळणाऱ्याने ते पत्करले आहे. डिस्क मेली, वीज गेली, सेल संपला, तर ते मरण बाहेरचे आहे. ते कोणी योजलेले नाही आणि त्यातून कोणताही अर्थ निघत नाही. पहिल्याविरुद्ध प्रत वापरावी की नाही हा ज्याच्या त्याच्या रसिकतेचा प्रश्न. दुसऱ्याविरुद्ध प्रत न ठेवणे हा निव्वळ निष्काळजीपणा. हत्यार एकच असले तरी हेतू दोन आहेत, आणि एका हेतूवरच्या रागापोटी हत्यारच काढून घेणे अन्यायाचे आहे.

हा भेद सर्वांत उत्तम जाणला आहे तो काही खेळांनीच. 'अंडरटेल' (२०१५) खेळणाऱ्याने मागे जाऊन केलेले बदल लक्षात ठेवतो आणि त्याचा जाब विचारतो. फाइल हीच तिथे नैतिक जबाबदारी होते. 'नियर' (२०१०) आणि 'नियर: ऑटोमाटा' (२०१७) यांच्या एका शेवटात खेळणाऱ्याला विचारले जाते, की तुझ्या सगळ्या नोंदी पुसायला तू तयार आहेस का? दुसऱ्या खेळात हा त्याग जगात कुठेतरी अडलेल्या एका अनोळखी खेळाडूच्या मदतीसाठी असतो. होय म्हटले, की पडद्यावर एकेक नोंद खरोखर पुसली जाते. हा प्रसंग इतका परिणामकारक का होतो? कारण जे दिले जात आहे ते देणाऱ्याचे आहे. हीच फाइल एखाद्या बिघाडाने गेली असती, तर डिस्कवरचा परिणाम तोच असता आणि त्याला काडीचाही अर्थ नसता. जे आपले नाही त्याचा त्याग करता येत नाही. त्या शेवटाचा सारा भार फाइल खेळणाऱ्याच्या मालकीची आहे, या गृहीतकावर उभा आहे.

आणि हेच गृहीतक अलीकडे हलू लागले आहे. १९९४ च्या प्लेस्टेशनचे मेमरी कार्ड १२८ किलोबाइटांचे आणि पंधरा कप्प्यांचे होते. पण ते खिशात घालून मित्राकडे नेता येई आणि दुसऱ्या कार्डावर त्याची प्रत काढता येई. २०१७ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विचवर नोंदी यंत्राच्या आतल्या स्मृतीतच राहतात. काढता येण्याजोग्या कार्डावर त्या नेता येत नाहीत. २०१८ च्या सप्टेंबरपासून त्यांचा बॅकअप क्लाउडवर ठेवता येऊ लागला, पण वर्गणी भरून, आणि तोही सर्व खेळांचा नाही. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये त्याच यंत्रासाठीच्या खेळांच्या नोंदी यूएसबीवर उतरवता येत नाहीत. तिथेही मार्ग वर्गणीचा. म्हणजे आपणच लिहिलेल्या हस्तलिखिताची प्रत काढण्यासाठी आपण भाडे भरायचे. निर्मात्यांचा युक्तिवाद असा, की प्रती मोकळ्या सोडल्या तर ऑनलाइन देवघेवीत लबाडी होते. पोकेमॉनसारख्या खेळात प्रती वापरून एकाच प्राण्याचे दोन केले गेले आहेत, हे खरेच आहे. परंतु ज्याची देवघेव होते तेवढ्याची नोंद सर्व्हरवर ठेवावी. एकट्याने, कोणाशीही स्पर्धा न करता खेळणाऱ्याच्या फाइलला त्यासाठी कोंडून ठेवण्याचे कारण नाही.

क्लाउडविषयी आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्टीमने २००८ मध्ये ही सोय आणली आणि तेव्हापासून पुष्कळांना वाटते, की आता बॅकअपची गरज उरली नाही. क्लाउड मुख्यतः दोन ठिकाणच्या फाइली सारख्या ठेवतो. घरी फाइल बिघडली तर बिघडलेली फाइल वर जाते. पुसली तर वरचीही पुसली जाऊ शकते. आरसा काही प्रत नव्हे. चेहऱ्याला जखम झाली की आरशातही ती दिसतेच.

प्रत म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती प्रती अनेक असल्यामुळेच. एकच अशुद्ध पोथी उरली असती तर शुद्ध कशाच्या आधारे करायचे? पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तीही हजारावर हस्तलिखिते ताडून. त्या शास्त्राचे दोन नियम इथे जसेच्या तसे लागू पडतात. एक, हातातल्या प्रतीवर दुरुस्ती करायची नाही. दोन, नवी प्रत म्हणजे चांगली प्रत असे नाही, कारण एकदा शिरलेला दोष त्या प्रतीवरून केलेल्या प्रत्येक प्रतीत उतरतो. 'स्कायरिम'मध्ये एखादा मॉड काढून टाकल्यावर त्याच्या स्क्रिप्टचे अवशेष सेव्ह फाइलमध्ये तसेच राहतात आणि पुढच्या प्रत्येक नोंदीत वारशाने जातात. त्याच खेळात २०११ साली प्लेस्टेशन ३ वर फाइल फुगत गेली, की खेळ अडखळू लागे. अशा वेळी कालची प्रत कामाची नसते, महिन्यापूर्वीची असते. म्हणून एक ताजी प्रत ठेवून भागत नाही. प्रतींच्या पिढ्या ठेवाव्या लागतात.

फाइल उघडेनाशी झाली, तर पहिली गोष्ट म्हणजे थांबावे. खेळ पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. आपोआप होणारी नवी नोंद उरलेसुरलेही पुसू शकते. क्लाउडची जोडणी बंद करावी आणि फाइली जिथे असतील तो संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा दुसरीकडे उतरवून घ्यावा. बिघडलेलाच असला तरी! पुढचे प्रयोग करायचे ते त्याच्या प्रतीवर. फोल्डर शोधणे हेच पुष्कळदा अर्धे काम असते. कोणी डॉक्युमेंट्समध्ये लिहितो, कोणी दडवलेल्या ॲपडेटामध्ये. व्हिस्टापासून (२००७) काही जुन्या खेळांच्या नोंदी विंडोजने परस्पर 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या फोल्डरकडे वळवलेल्या असतात. आणि डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या ताब्यात गेला असेल तर नवाच गोंधळ. 'पीसीगेमिंगविकी' या संकेतस्थळावर खेळानुसार या जागा नोंदलेल्या आहेत, आणि 'लुडुसावी' हे मुक्त साधन त्याच माहितीच्या आधारे साऱ्या खेळांच्या फाइली एकत्र उतरवून घेते.

मग फाइलींची लांबी आणि तारीख पाहावी. शून्य लांबीची किंवा शेजारणींपेक्षा फारच लहान फाइल संशयास्पद. शेजारी 'ओल्ड' किंवा 'बॅक' अशी शेपटीची फाइल असेल, तर बिघडलेली बाजूला करून, हिचे शेपूट काढून तिला तिचे नाव द्यावे. 'स्टारड्यू व्हॅली'त एवढ्यानेच पुष्कळदा काम होते, आणि हरवतो तो फक्त एक दिवस. 'माइनक्राफ्ट'मध्ये 'लेव्हल डॉट डॅट' बिघडली म्हणून सारे जग गेले असे समजू नये. जमीन वेगळ्या फाइलींत असते, एकेक फाइल ५१२ × ५१२ ठोकळ्यांच्या प्रदेशाची. एक गेली तरी बाकीचा मुलूख शाबूत असतो. फाइल धडधाकट दिसत असूनही उघडत नसेल, तर दोष बहुधा तिचा नसतो. खेळाची आवृत्ती बदलली आहे का, एखादा मॉड गहाळ आहे का, हे आधी तपासावे. आणि खेळ काढून पुन्हा बसवण्याचा जो सल्ला पहिल्यांदा मिळतो, तो सर्वांत शेवटी मानावा; मानण्यापूर्वी फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

प्रत त्याच डिस्कवर असेल तर ती डिस्कबरोबरच जाते, आणि कधी उघडून न पाहिलेली प्रत ही केवळ आशा असते. म्हणून प्रतीवर तारीख घालावी, ती अन्यत्र ठेवावी, आणि अधूनमधून ती खरोखर उघडते का ते पाहावे.

खेळणाऱ्याने एवढे करावे. निर्मात्यांकडून मागायचे तेही फार नाही. फाइल कुठे आहे ते सांगावे, ती बाहेर काढू द्यावी, आणि एक चुकली तर दुसरी असावी एवढी काळजी घ्यावी. गूगलने स्टेडिया ही सेवा २०२३ च्या जानेवारीत बंद केली, तेव्हा खेळाडूंना आपल्या नोंदी उतरवून घेण्याची सोय ठेवली होती. त्या दुसरीकडे चालतीलच याची हमी नव्हती, तरी त्या कोणाच्या आहेत हे त्या सोयीने मान्य केले. सेवा चालू असतानाही ते मान्य व्हायला हवे. शंभर-दोनशे तास खर्चून माणूस जे घडवतो, त्याला समाज कला म्हणो वा वेळेचा अपव्यय. ते पुसायचे की राखायचे हे ठरवण्याचा अधिकार ते घडवणाऱ्याचा आहे. खेळातल्या मरणाला तो राजीखुशीने सामोरा गेलेला असतो. बाहेरच्या मरणाला सामोरे जाण्याचे त्याने कधीच कबूल केलेले नसते.